ओझरच्या धावपट्टीवरचा अंतराळवीर

नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. १९८७ साली तिथे नवे मुख्य टेस्ट पायलट रुजू झाले. वय अडतीस, हवाई दलातला हुद्दा विंग कमांडरचा. कारखान्यातून तयार होऊन आलेलं मिग विमान आकाशात न्यायचं आणि ते कुठे कमी पडतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. अशी नोकरी करणारे वैमानिक एरवी कुणाला नावानं माहीत नसतात. या माणसाचा फोटो मात्र तीन वर्षांपूर्वी देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर झळकला होता. ते होते राकेश शर्मा, अंतराळात गेलेले पहिले भारतीय.

शर्मांच्या खात्यावर अंतराळातले ७ दिवस, २१ तास आणि ४० मिनिटं जमा आहेत. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तेवढीच नोंद सापडते. त्यांची विमानातली कारकीर्द मात्र १९७० पासून २००१ पर्यंत, म्हणजे तीन दशकांहून मोठी आहे. ही वर्षं बाजूला ठेवून त्या आठ दिवसांकडे पाहिलं तर एक प्रश्न अनुत्तरितच राहतो: अंतराळात पाठवायला माणूस हवा असताना अनेक देशांनी आधी हवाई दलाचंच दार का ठोठावलं?

त्याचं उत्तर टेस्ट पायलटच्या रोजच्या कामात आहे. लोकांना वाटतं, टेस्ट पायलट म्हणजे जिवावर उदार होऊन विमानाच्या कोलांट्या मारणारा गडी. खरं तर हा पेशा नोंदी ठेवणाऱ्याचा. मांडीला पट्ट्यानं बांधलेल्या छोट्या पॅडवर त्या दिवशीच्या चाचण्यांचं कार्ड असतं: इतक्या उंचीवर, इतक्या वेगाला, हे करायचं. इंजिनाचा जोर एकदम पूर्ण वाढवायचा आणि ते किती सेकंदांत दाद देतं ते पाहायचं. आफ्टरबर्नर पेटवायचा. चाकं आत घ्यायची, पुन्हा बाहेर काढायची. स्टिकवरचा हात सैल सोडून विमान एका अंगाला कलतंय का ते बघायचं. हे चालू असताना इंजिनाचं तापमान आणि तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यांवरची नजर हलू द्यायची नाही. उतरल्यावर अभियंत्यांसमोर बसून सगळं क्रमवार सांगायचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, ‘कायतरी आवाज येतोय बघा.’ मिस्त्री लगेच विचारतो, ‘कधी येतोय? गाडी गार असताना का तापल्यावर? कितव्या गिअरला?’ टेस्ट पायलटला या सगळ्या प्रश्नांची उत्तरं वरूनच घेऊन यावी लागतात, तीही मिग-२१ सारख्या एकाच इंजिनाच्या विमानातून. ते इंजिन बंद पडलं तर दुसरं नसतं. ओझरच्या परिसरात मिग-२१ ची चाचणी घेताना एकदा खुद्द शर्मांचाही जीव थोडक्यात वाचला होता.

शर्मांचा जन्म १३ जानेवारी १९४९ चा, पतियाळाचा. शिक्षण झालं हैदराबादेत. १९६६ मध्ये ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत दाखल झाले आणि १९७० मध्ये हवाई दलात वैमानिक झाले. लगेच पुढच्या वर्षी बांगलादेश युद्ध सुरू झालं. त्यात त्यांनी मिग-२१ मधून २१ मोहिमा केल्या, तेव्हा त्यांचं वय होतं बावीस. पुढे ते टेस्ट पायलट झाले. सोव्हिएत संघानं भारतीय अंतराळवीराला सोबत नेण्याचा प्रस्ताव दिला, तेव्हा हवाई दलानं वैमानिकांमधून निवड सुरू केली आणि १९८२ मध्ये दोन नावं नक्की झाली: राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा. एक जाणार आणि दुसरा राखीव राहणार, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं.

वैमानिकांनाच अंतराळवीर करण्याची प्रथा पडली १९५८-५९ मध्ये. अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ कार्यक्रमासाठी कुणाला निवडायचं, यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निर्णय दिला की उमेदवार लष्करी टेस्ट पायलटांमधूनच घ्यावेत. अटी कडक होत्या. वय चाळिशीच्या आत, उंची पाच फूट अकरा इंचांपर्यंत, किमान १,५०० तासांचं उड्डाण, टेस्ट पायलट स्कूलचं शिक्षण आणि अभियांत्रिकीची किंवा त्या तोडीची पदवी. ५०८ जणांची कागदपत्रं तपासली गेली, ११० जण अटींत बसले आणि एप्रिल १९५९ मध्ये सात जणांची नावं जाहीर झाली.

सोव्हिएत निवड वेगळ्या वाटेनं झाली. त्यांनी हवाई दलातले तरुण वैमानिक घेतले. ते टेस्ट पायलट असलेच पाहिजेत असा आग्रह धरला नाही. युरी गागारिनच्या गाठीशी जेमतेम २३० तासांचं उड्डाण होतं. कारण साधं होतं. त्याचं व्होस्टोक यान जवळपास पूर्ण स्वयंचलित होतं. ते हातानं चालवण्याची सोय तर चक्क कुलूपबंद होती! वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही, अशी डॉक्टरांना धास्ती होती. म्हणून कुलूप उघडणारा तीन आकडी संकेतांक, १२५, सीलबंद लिफाफ्यात ठेवला होता. उड्डाणाआधीच तो गागारिनच्या कानावर घालण्यात आला, हा भाग निराळा.

अमेरिकेचा आग्रह किती रास्त होता ते १६ मार्च १९६६ ला दिसलं. जेमिनी-८ या अमेरिकी यानात नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट होते. आर्मस्ट्राँग पूर्वी नौदलाचे वैमानिक होते आणि नंतर एक्स-१५ सारखी रॉकेट-विमानं उडवणारे टेस्ट पायलट. दुसऱ्या यानाशी जोडणी झाल्यावर थोड्याच वेळात त्यांचं यान गरगरू लागलं. दोष जोडलेल्या यानात असेल असं समजून त्यांनी ते वेगळं केलं, तर फिरणं आणखी वाढलं आणि सेकंदाला जवळपास एक फेरा इथवर गेलं. डोळ्यांपुढची बटणं धूसर व्हायला लागली. म्हणजे बिघाड आपल्याच यानात आहे, असा निष्कर्ष काढून आर्मस्ट्राँग यांनी मुख्य थ्रस्टर बंद केले आणि पृथ्वीवर परतताना वापरायची राखीव प्रणाली सुरू करून यान थोपवलं. एक थ्रस्टर आपोआप चालू राहिला होता. मोहीम अर्धवट सोडावी लागली, पण दोघंही सुखरूप उतरले. बिघाड अंगावर आलेला असताना त्याचं कारण शोधण्याची सवय टेस्ट पायलटला आधीच लागलेली असते.

शर्मा आणि मल्होत्रा यांची पारख बंगळूरच्या हवाई वैद्यक संस्थेत झाली. शर्मांना तिथे कृत्रिम उजेडाच्या एका बंद खोलीत ७२ तास एकटं ठेवण्यात आलं. कोंडलेल्या जागेची सुप्त भीती मनात आहे का, ते पाहायचं होतं. मग दोघं मॉस्कोजवळच्या ‘स्टार सिटी’ या अंतराळवीरांच्या प्रशिक्षण केंद्रात गेले. तिथे पहिलं आव्हान भाषेचं होतं. यानातली प्रत्येक सूचना, प्रत्येक बटणावरचं अक्षर रशियन, त्यामुळे आधी रशियन शिकणं आलं.

मग सेंट्रिफ्यूज. एका लांब दांड्याच्या टोकाला बसवून माणसाला वेगानं गोल फिरवणारं हे यंत्र शरीरावरचा भार वाढवतं. चार ‘जी’ म्हणजे ७० किलोच्या माणसाला आपलं वजन २८० किलो झाल्यासारखं वाटणं. फायटर पायलटला हे नवं नसतं, पण एक मोठा फरक असतो. लढाऊ विमान झपकन वळतं तेव्हा भार डोक्याकडून पायांकडे पडतो, रक्त खाली ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पायलट पाय आणि पोट आवळून, श्वास रोखून रक्त वर टिकवून धरतो. सोव्हिएत सोयूझ यानात माणूस गुडघे पोटाशी घेऊन पाठीवर पडलेला असतो. भार छातीकडून पाठीकडे येतो. त्यामुळे शुद्ध हरपण्याचा धोका कमी होतो, पण छातीवर कुणी बसल्यासारखं होऊन श्वास घेणं जड जातं. हा भार अंगभर सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीचा प्लॅस्टरमध्ये साचा घेऊन त्याच्या मापाचं आसन बनवतात.

शर्मांसोबत जाणारे फ्लाइट इंजिनिअर होते गेन्नादी स्त्रेकालोव्ह. त्यांच्या मागच्या मोहिमेची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री स्त्रेकालोव्ह आणि व्लादिमिर तितोव्ह बैकानूरच्या प्रक्षेपण तळावर सोयूझमध्ये बसून होते. उड्डाणाला दीड मिनिट उरलं असताना रॉकेटच्या तळाशी आग लागली. आगीनं नियंत्रणाच्या तारा जाळल्या. शेवटी खालून रेडिओनं आज्ञा गेली, यानाच्या डोक्यावरचं सुटकेचं छोटं रॉकेट पेटलं आणि त्यानं दोघांसह कुपी ओढून बाहेर काढली. काही सेकंदांतच मागे रॉकेटचा स्फोट झाला. त्या ओढीत दोघांनी १४ ते १७ जी इतका भार सोसला आणि चारेक किलोमीटरवर ते पॅराशूटनं उतरले. त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत स्त्रेकालोव्ह त्याच बैकानूरहून, शर्मांच्या शेजारी बसून पुन्हा निघाले.

३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ उडालं. कमांडर होते युरी मालिशेव्ह. दुसऱ्या दिवशी तिघं सॅल्यूत-७ स्थानकावर पोहोचले, तेव्हा तिथे लिओनिद किझिम, व्लादिमिर सोलोव्योव्ह आणि ओलेग अत्कोव्ह आधीपासून मुक्कामाला होते. ६ एप्रिलला अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ शटल पाच जणांना घेऊन वर गेलं आणि एका वेळी अंतराळात असलेल्या माणसांचा आकडा ११ झाला. तोवरचा तो उच्चांक होता.

आपण ज्याला अंतराळ म्हणतो ते फार लांब नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक रडार आहे. साधारण ८० ते ९८ किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतले वारे त्यानं मोजले आहेत. अंतराळाची हद्द याच पट्ट्याच्या आसपास येते. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघ ती १०० किलोमीटरवर धरतो. अमेरिकी हवाई दल ८० किलोमीटरवर. या फरकापायी गमतीदार प्रकार झाले. एक्स-१५ मधून आठ वैमानिक ८० किलोमीटरच्या वर गेले. त्यांतल्या हवाई दलाच्या पाच जणांना अंतराळवीराचा बिल्ला तेव्हाच मिळाला. नागरी सेवेतल्या तिघांना तो मिळायला २००५ साल उजाडलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे कोल्हापूर-मुंबई रस्त्याच्या अंतराएवढं वर. त्याचा वेग मात्र असा, की कोल्हापूर ते पुणे हे अंतर अर्ध्या मिनिटात संपावं.

सॅल्यूत-७ वर शर्मांच्या वाट्याला आलेलं महत्त्वाचं काम छायाचित्रणाचं होतं. वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं त्यांनी भारताच्या सुमारे ४० टक्के भूभागाची छायाचित्रं घेतली. जंगलं, पाणी, खनिजं यांच्या नकाशांसाठी ती हवी होती. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह वर जायला अजून चार वर्षं होती. वजनरहित अवस्थेत वितळलेला धातू कसा थंड होतो, याचाही एक प्रयोग होता. शिवाय योगासनं. अंतराळात गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिले काही दिवस मळमळतं, कारण कानातला तोल सांभाळणारा अवयव वर-खाली काही सांगेनासा होतो. रक्त पायांकडून डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. योगाभ्यासानं यावर काही उतारा पडतो का, ते पाहायचं होतं. म्हैसूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं सोबत दिलेलं भारतीय खाणं रशियन सहकाऱ्यांनीही चाखलं.

या मोहिमेतला सगळ्यांच्या लक्षात राहिलेला क्षण म्हणजे पंतप्रधान इंदिरा गांधींशी झालेलं संभाषण. वरून भारत कसा दिसतो, या प्रश्नाला शर्मांनी इक्बाल यांच्या गीतातल्या शब्दांत उत्तर दिलं. ११ एप्रिलला तिघं कझाकस्तानात उतरले, ते मात्र स्थानकाला आधीपासून जोडलेल्या सोयूझ टी-१० मधून. सोयूझ अंतराळात ठरावीक काळच राहू शकतं, त्यामुळे पाहुण्यांनी नवं यान स्थानकावर ठेवून जुनं परत न्यायचं, अशी पद्धत होती. अशा अदलाबदलीत साच्यातून केलेली आपापली आसनं आधी दुसऱ्या यानात हलवावी लागतात. शर्मांना अशोकचक्र मिळालं. मालिशेव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांनाही ते दिलं गेलं. कधीच उडायला न मिळालेले मल्होत्रा कीर्तिचक्राचे मानकरी ठरले.

सत्कार आटोपले आणि शर्मा विमानांकडे परतले. ओझरला ते १९९२ पर्यंत होते. तिथे त्या काळात मिग-२७ ची बांधणी चालू होती. पुढे ते कंपनीच्या बंगळूरच्या विभागात गेले.

त्यांच्यानंतर भारतीय नागरिक अंतराळात जायला ४१ वर्षं लागली. शुभांशु शुक्लांचा जन्मच मुळी शर्मांच्या उड्डाणानंतरचा, १९८५ चा, लखनौचा. एनडीए, २००६ मध्ये हवाई दल, मग टेस्ट पायलट. सुखोई-३०, मिग-२१, मिग-२९, जग्वार धरून सुमारे २,००० तासांचं उड्डाण. २५ जून २०२५ ला ते ‘ॲक्सियम-४’ मोहिमेचे पायलट म्हणून फ्लोरिडाहून निघाले आणि १५ जुलैला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरले. कमांडर पेगी व्हिटसन यांच्यासोबत यानाच्या प्रणालींवर लक्ष ठेवणं त्यांच्याकडे होतं. वर त्यांनी सात भारतीय प्रयोग केले. त्यांतला मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा, म्हणजे कोल्हापूरकरांच्या दृष्टीनं बेळगावच्या जरा पुढचा.

भारताच्या गगनयान या समानव मोहिमेसाठी निवडलेले चौघं, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, सगळे टेस्ट पायलट आणि सगळे खडकवासल्याचे. हा योगायोग नाही. गगनयान हे यानच नवं आहे. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला त्याच्या सुटकेच्या प्रणालीची आकाशात चाचणी झाली. स्त्रेकालोव्हना वाचवणाऱ्या यंत्रणेचंच हे भारतीय रूप. माणसांच्या आधी ‘व्योममित्र’ ही मानवाकृती पाठवण्याची योजना आहे. व्योममित्र तापमान, दाब आणि हादरे यांची मापं आणून देईल. एखादा स्विच हातमोज्यातून नीट दाबला जातो का, इशाऱ्याचा दिवा खुर्चीतून दिसतो का, हे सांगायला सवय असलेला माणूस लागेल.

यान एकदा हाताखालचं झालं की दार रुंदावतं. सॅल्यूत-७ वर शर्मांचं स्वागत करणाऱ्यांतले अत्कोव्ह हृदयरोगतज्ज्ञ होते. शुक्लांसोबत गेलेले पोलंडचे स्लावोश उझनान्स्की हे सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेले अभियंते.

पण सध्याची वाट गणवेशातूनच जाते, आणि कोल्हापूर भागाला ती परकी नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नावच तिथल्या जवानांमुळे पडलेलं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली ती साताऱ्याला. आणि उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मग एनडीएची लेखी परीक्षा, मुलाखती, आणि वैमानिकाची कलचाचणी.   पुढे तीन वर्षं खडकवासला, मग हैदराबादजवळ दुंडिगलची अकादमी, काही वर्षं स्क्वाड्रनमध्ये, आणि त्यानंतर बंगळूरचं टेस्ट पायलट स्कूल. शर्मा वैमानिक झाल्यापासून अंतराळासाठी निवडले जाईपर्यंत १२ वर्षं गेली, शुक्लांना १३ लागली. एनडीएत मुलींना प्रवेश मिळाला २०२२ मध्ये आणि त्यांची पहिली तुकडी, १७ जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांच्यातली कुणी या वाटेनं गेली, तर याच हिशेबानं तिची निवड २०३८ च्या आसपास होईल.